चित्रातलं मूल कोण?

मोठ्या माणसाच्या जुन्या चित्राला साक्षीदार पुष्कळ मिळतात. नाना फडणवीसांचं म्हणून एखादं चित्र पुढे आलं, तर त्यांच्या उंच, सडपातळ अंगलटीची समकालीन वर्णनं हाताशी असतात आणि इतर चित्रांशी ते ताडून पाहता येतं. लहान मुलाच्या चित्राला यातलं काहीच नसतं. चार वर्षांच्या पोराचा चेहरा सहाव्या वर्षी बदललेला असतो. भावंडं एकमेकांसारखी दिसतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवलेलं असतं, त्यामुळे घराण्याच्या कागदात नाव सापडलं तरी ते कोणत्या पिढीतलं, हे सांगणं कठीण जातं. त्यात अठराव्या शतकात कितीतरी मुलं चारचौघांना माहीत होण्याआधीच दगावत. चित्र काढून घेणारे आईबाप आहेत तोवर त्या मुलाचं नाव घरात असतं. ते गेले, वाटण्या झाल्या, घर बदललं, की चित्र उरतं आणि नाव जातं.

मोकळ्या निसर्गात उभ्या केलेल्या मुलांची अठराव्या शतकातली तैलचित्रं हा या प्रश्नाचा सगळ्यात अवघड भाग आहे. ही चित्रं जगभर विखुरली आहेत, त्यांतल्या काहींवरून फार जुने वाद चालू आहेत, आणि त्यांचा एक धागा मुंबई-पुण्यापर्यंत येतो. अशा मुलांची ओळख पटवायचे कोणते मार्ग आहेत, त्यांतला कोणता किती भरवशाचा आणि गिरगाव-दादर-परळच्या घरांना त्यातून काय शिकता येईल, याचा हा आढावा.

झाडाखाली उभं केलेलं मूल

सतराव्या शतकातल्या युरोपीय चित्रांत श्रीमंतांची मुलं लहान मापाची मोठी माणसंच वाटतात. ताठ गळपट्टी, जरीचे जड कपडे, मागे मखमली पडदा. अठराव्या शतकात हे बदललं. जॉन लॉकचं मुलांच्या शिक्षणावरचं पुस्तक १६९३ मध्ये निघालं होतं, रूसोचं ‘एमिल’ १७६२ मध्ये आलं. मुलाला कपड्यांत आवळून ठेवू नये, उघड्या हवेत वाढू द्यावं, हा विचार सुखवस्तू घरांत रुजत गेला आणि चित्रकारांनी मुलांना दिवाणखान्यातून काढून झाडाखाली नेलं. टॉमस गेन्सबरोने तर ‘एमिल’च्याही आधी, १७५६ च्या सुमारास, फुलपाखरामागे धावणाऱ्या आपल्या दोन मुली रंगवल्या. १७७० मधला त्याचा ‘ब्लू बॉय’ आणि टॉमस लॉरेन्सने १७९४ मध्ये रंगवलेली ‘पिंकी’ ही या प्रकाराची सर्वांत गाजलेली चित्रं. आज दोन्ही कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन संग्रहात आहेत.

या चित्रांतला निसर्ग बहुधा त्या मुलाच्या घरामागचा नसे. वाकलेलं झाड, लांबवर चमकणारं पाणी, तांबूस आभाळ हे सगळं चित्रकार आपल्या खोलीत बसून मनाने रंगवी. या घराला जमीनजुमला आहे आणि इथलं मूल मोकळ्या मनाने वाढतं आहे, एवढं पाहणाऱ्याच्या मनावर ठसलं म्हणजे काम झालं. मोठ्या चित्रकारांकडे कपडे रंगवणारे वेगळे मदतनीस असत, त्यामुळे एकाच कॅनव्हासवर दोन-तीन जणांचे हात फिरलेले असू शकतात. म्हणून मागची टेकडी ओळखीची वाटली, तरी चित्र अमक्याच गावचं, असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे.

‘ब्लू बॉय’मधला मुलगा कोण, यावरही एकमत नाही. लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा मुलगा जोनाथन बटल याच्या मालकीचं ते चित्र होतं, म्हणून चित्रातला मुलगाही तोच, असं पिढ्यान्पिढ्या धरलं जात होतं. अलीकडे काही अभ्यासकांनी गेन्सबरोचा भाचा गेन्सबरो ड्यूपाँट याचं नाव पुढे केलं आहे. क्ष-किरणांनी पाहिलं, तेव्हा त्या निळ्या पोशाखाखाली आधी रंगवायला घेतलेला एक मोठा माणूस सापडला आणि पुढे पुसून टाकलेला कुत्राही दिसला. म्हणजे कॅनव्हास कसा तयार होत गेला हे आपल्याला कळलं आहे, पण मुलाचं नाव अजून पक्कं नाही. याच्या उलट उदाहरण स्पेनमधलं आहे. फ्रान्सिस्को गोयाने १७८७-८८ मध्ये मानुएल ओसोरिओ या चिमुरड्याचं चित्र काढलं आणि त्याचं नाव व जन्मतारीख चित्रावरच लिहून ठेवली. त्या मुलाच्या ओळखीवरून आज कुणाला भांडावं लागत नाही.

आया, ओलीस मुलं आणि हैदराबादची भावंडं

ईस्ट इंडिया कंपनीच्या पैशाबरोबर हा प्रकार हिंदुस्थानात आला. योहान झोफानी १७८३ ते १७८९ या काळात कलकत्ता आणि लखनौला होता. आर्थर विल्यम डेव्हिस १७८५ मध्ये बंगालमध्ये आला आणि दहा वर्षं राहिला. दोघांनीही कंपनीच्या अधिकाऱ्यांची मुलं रंगवली. त्याआधी लंडनमध्ये जोशुआ रेनॉल्ड्सने जॉर्ज क्लाइव्हच्या कुटुंबाचं चित्र १७६५-६६ मध्ये काढलं, ते आज बर्लिनमध्ये आहे. त्यात छोट्या मुलीला सांभाळणारी हिंदुस्थानी आया आहे. मुलीचं घराणं चित्राच्या शीर्षकात आहे. आयेचा उल्लेख ‘हिंदुस्थानी दासी’ एवढाच. या काळातल्या अशा अनेक चित्रांत आपल्या देशातल्या बाईचा चेहरा बारकाईने रंगवलेला दिसतो आणि तिचं नाव कुठेच नसतं. मुलाची ओळख पटवण्यासाठी शेकडो पानं लिहिली गेली. तेवढ्याच हौसेने या बायकांचाही शोध घेतला गेला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा गट राजघराण्यातल्या मुलांचा. १७९० मध्ये पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने पेशव्यांशी तह केला. निजामही त्या युतीत आला. त्यातून टिपूविरुद्धची मोहीम उभी राहिली आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूला आपली दोन लहान मुलं इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस याच्याकडे ओलीस द्यावी लागली. ब्रिटिश चित्रकारांनी या प्रसंगाची चित्रं वर्षानुवर्षं काढली. रॉबर्ट होम छावणीत होता, तर काहींनी लंडनमध्येच बसून तो प्रसंग रंगवला. मुलांचे चेहरे कोवळे, कॉर्नवॉलिस पित्यासारखा हात पुढे करून उभा, मागे तंबू आणि आभाळ. मुलं खरी, नावं माहीत, तरी या चित्रांत त्यांची स्वतःची ओळख फारशी नाही. विजेत्याचा मोठेपणा दाखवायला ती उभी केली आहेत.

तिसरं उदाहरण जॉर्ज चिनरीने १८०५ मध्ये मद्रासला काढलेल्या चित्राचं. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांची दोन मुलं हैदराबादी पोशाखात, झगमगत्या कपड्यांत त्यात दिसतात. लवकरच त्यांना इंग्लंडला पाठवलं गेलं. तिथे त्यांची नावं बदलली, कपडे बदलले. साहेब बेगम नावाची ती मुलगी पुढे किटी कर्कपॅट्रिक म्हणून वाढली. आईने दिलेलं नाव आणि आईच्या घरचे कपडे त्या मुलांकडे एकत्र होते, ते दिवस या कॅनव्हासवर राहिले आहेत.

वेल्स मुंबईत येतो

मुंबईच्या वाट्याला आला तो जेम्स वेल्स. स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा हा चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत उतरला. तेव्हाची मुंबई म्हणजे किल्ला आणि त्याच्या बाहेर माडांच्या वाड्या, खाजणं, कोळीवाडे. गव्हर्नरचा बंगला परळला होता, जिथे आज हाफकिन संस्था आहे. वेल्सने १७९१-९२ मध्ये बेटाची दृश्यं काढली आणि त्यांतली बारा १८०० साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून निघाली. मलबार हिल, माझगावची बेलमाँट टेकडी, वरळीचा नवा बांध, शीवचा किल्ला ही ठिकाणं त्यांत आहेत. परळ-लालबागच्या माणसाने ती जरूर पाहावीत. गिरण्यांच्या आधीचं आपलं बेट कसं होतं, हे त्यांतून कळतं.

मॅलेटच्या बोलावण्यावरून वेल्स पुण्याला गेला आणि १७९२ मध्ये त्याने सवाई माधवरावांचं मोठं तैलचित्र केलं. पेशवे बैठकीवर, शेजारी नाना फडणवीस, मागे सेवक. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. वेल्सने महादजी शिंद्यांचंही चित्र काढलं. त्याच सुमारास शनिवारवाड्यात मॅलेटच्या प्रयत्नाने चित्रशाळा सुरू झाली आणि गंगाराम तांबट हा पुण्याचा चित्रकार तिच्यातून पुढे आला. त्याने वेरूळच्या लेण्यांची आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याची चित्रं काढली. वेल्सची रोजनिशी आणि गंगारामची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ चा, पुरंदरावरचा. वडील नारायणराव आदल्या वर्षीच मारले गेले होते. अवघ्या चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. महाराष्ट्राच्या इतिहासात ज्याच्या बालपणावर एवढं राजकारण झालं असं दुसरं मूल क्वचितच सापडेल. पण तैलरंगात रंगवणारा चित्रकार त्याच्यापर्यंत पोहोचला, तोवर तो अठरा वर्षांचा झाला होता. पुढच्या तीन वर्षांत सगळं संपलं. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून पेशवे गेले आणि पुढच्याच महिन्यात मुंबईजवळ तापाने वेल्स गेला. त्याची मुलगी सुझाना हिने १७९९ मध्ये मॅलेटशी लग्न केलं. वेल्सच्या टिपणांवरून टॉमस डॅनियलने १७९० च्या तहाच्या दरबाराचं भव्य चित्र १८०५ मध्ये प्रदर्शनात मांडलं.

ओळख पटवण्याच्या दृष्टीने वेल्सचं पेशव्यांचं चित्र हा आदर्श नमुना आहे. चित्रकाराची रोजनिशी, रेखाटनं आणि रेसिडेंटचा पत्रव्यवहार एकमेकांना दुजोरा देतात, आणि चित्रात बसलेला माणूस तर राज्याचा प्रमुखच. पण याच नमुन्यामुळे एक उणीव डोळ्यांत भरते. वेल्सच्या मुंबईच्या दृश्यांत बेट आहे, झाडं आहेत, समुद्र आहे आणि त्याच्या तैलचित्रांत दरबार आहे. या बेटावर वाढणारं कोळ्याचं, भंडाऱ्याचं, पाचकळशाचं, पारशाचं मूल त्या झाडांपुढे उभं राहिलेलं दिसत नाही. याची कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. कलकत्त्याच्या मानाने मुंबईतली इंग्रज वस्ती लहान होती. त्यांची जगलेली मुलं पाच-सहा वर्षांची होताच विलायतेला रवाना होत. तैलचित्राला लागणारा पैसा आणि हौस एतद्देशीय व्यापाऱ्यांकडे आली ती पुढच्या शतकात.

एका मुलीवरून चाललेला वाद

ओळख पटवण्याच्या पद्धती कशा चालतात आणि कुठे अडतात, हे समजून घ्यायला ‘राइस चित्र’ नावाने प्रसिद्ध असलेलं इंग्लंडमधलं तैलचित्र फार उपयोगी आहे. पांढऱ्या मलमलीच्या पायघोळ झग्यातली साधारण बारा-तेरा वर्षांची मुलगी मोकळ्या निसर्गात उभी आहे, हातात हिरवी छत्री. राइस घराण्याचं म्हणणं असं, की ही कादंबरीकार जेन ऑस्टिन. १८८४ मध्ये तिच्या पत्रांचा संग्रह निघाला, तेव्हा हे चित्र तिचं म्हणून छापलं गेलं. पुढे त्यावरून वाद सुरू झाला.

घराण्याची बाजू अशी. चित्र ऑस्टिनच्या नातलगांकडून पिढ्यान्पिढ्या आलेलं आहे आणि ते जेनचं, हे घरात सांगितलं जात आलं आहे. चित्रकार म्हणून ओझायस हंफ्रीचं नाव घेतलं जातं. हा तोच हंफ्री, जो १७८५ ते १७८७ या काळात हिंदुस्थानात नशीब काढायला आला होता. जेन १७७५ ची, म्हणजे तिचं बारा-तेरावं वर्ष १७८८ च्या आसपास येतं आणि हंफ्री तेव्हा इंग्लंडला परतलेला होता. १९१० च्या सुमारास काढलेल्या चित्राच्या छायाचित्रात नावाची अक्षरं दिसतात, असाही दावा या बाजूने केला आहे.

विरोधी बाजू कपड्यांवर बोट ठेवते. झग्याची कमर छातीखाली, फार वर आहे. १७८० च्या दशकात मुलींचे पांढरे झगे होते, पण पट्टा नेहमीच्या कमरेवर बांधत. कमर अशी वर सरकली ती त्या शतकाच्या अखेरीस, आणि १८०० नंतर ती रूढ झाली. दुसरा पुरावा कॅनव्हासच्या पाठीवरच्या शिक्क्याचा. लंडनच्या हाय होलबर्न भागातला कॅनव्हास-विक्रेता विल्यम लेग याचा तो शिक्का, आणि त्या पत्त्यावर त्याचं दुकान १८०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत होतं, असं लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या अभ्यासकांचं म्हणणं. तोवर जेन पंचविशी ओलांडून गेली होती, तेव्हा चित्रातली मुलगी ती असणं शक्य नाही. शिवाय १७९७ च्या सुमारास हंफ्रीची दृष्टी गेली होती, म्हणजे चित्र उशिराचं ठरलं की चित्रकाराचं नावही गळून पडतं. घराण्याचे समर्थक म्हणतात, की लेग आधीपासून धंद्यात असू शकतो आणि झग्याची ती तऱ्हा आधीही कुठेकुठे दिसते. एप्रिल २००७ मध्ये न्यूयॉर्कला चित्र लिलावात मांडलं गेलं, पण विकलं गेलं नाही.

माझं मत विरोधी बाजूकडे झुकतं, आणि त्याचं कारण सांगितलं पाहिजे. कपडे आणि शिक्का हे दोन पुरावे एकमेकांवर अवलंबून नाहीत. शिंप्याला कॅनव्हास-विक्रेता माहीत नव्हता. दोन स्वतंत्र वाटा एकाच दशकाकडे नेत असतील, तर त्यांना वजन द्यावं लागतं. पण घरच्या आठवणीला खोटं म्हणायचंही कारण नाही. चित्र ऑस्टिन घराण्यातल्या मुलीचं आहे, ही आठवण खरी असू शकते. घराण्यात पुढे एक मुलगी जगप्रसिद्ध झाली आणि तिचं नाव त्या आठवणीला चिकटलं, असं होणं अगदी स्वाभाविक आहे. प्रसिद्ध नाव आजूबाजूच्या निनावी चित्रांना आपल्याकडे ओढतं, हा या सगळ्या वादांतून मिळणारा मोठा धडा.

आपल्याकडेही हे घडलं आहे. शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जाणारं एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखानाचं आहे, हे दाखवून वा. सी. बेंद्रे यांनी डच परंपरेतलं महाराजांचं चित्र पुढे आणलं. सावळाराम हळदणकरांची समई घेतलेली स्त्री कितीतरी घरांत राजा रविवर्म्याची म्हणून टांगलेली असे. ते जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहात आहे आणि त्यासाठी उभी राहिली होती हळदणकरांची मुलगी गीता. तिथे निकाल सोपा झाला, कारण गीता उपळेकर स्वतः दीर्घायुषी झाल्या आणि सांगायला हयात होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रातली मुलगी येऊन सांगू शकत नाही.

चित्राची मागची बाजू

मग पुरावा कुठे शोधायचा? चेहऱ्यात नाही. ‘नाक अगदी पणजोबांसारखं’ हा आपल्या घरांतला आवडता दाखला न्यायाच्या तराजूत टिकत नाही. अनुभवी संवर्धक चित्र हातात आलं की आधी ते उलटं करतो. लाकडी चौकट, खिळे, पाचरा, दुमडलेल्या कडा, चिकटवलेल्या चिठ्ठ्या, लिलावघरांचे खडूचे आकडे, फ्रेमवाल्याचं लेबल, हे सगळं मागे असतं. ब्रिटनमध्ये रंगकामासाठी तयार केलेल्या कापडावर १८३१ पर्यंत कर होता, त्यामुळे त्या काळातल्या कॅनव्हासवर कराचे आणि विक्रेत्याचे शिक्के सापडतात. मापंही ठरलेली होती. तीस इंच उंच आणि पंचवीस इंच रुंद हे चेहरा आणि खांदे दाखवणाऱ्या चित्राचं सर्वांत चालणारं माप. कापड कुजायला लागलं की त्याच्या पाठीवर दुसरं कापड चिकटवतात. हे अस्तर लावताना शिक्का कायमचा झाकला जातो, म्हणून अस्तर लावण्याआधी पाठीचा फोटो काढणं ही पहिली शिस्त.

पुढच्या बाजूला रंग बोलतात. प्रशियन निळा १७०४-०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये सापडला, कोबाल्ट निळा १८०२ मध्ये तयार झाला, कृत्रिम अल्ट्रामरीन १८२८ च्या सुमारास बाजारात आला, टायटेनियम पांढरा विसाव्या शतकातला. मुलाच्या कपड्याच्या मूळ थरात टायटेनियम सापडला, तर चित्र अठराव्या शतकातलं नाही, आणि वरच्या डागडुजीत सापडला, तर एवढंच कळतं की कुणीतरी नंतर हात फिरवला. निसर्गाच्या पार्श्वभूमीत एक गोष्ट डोळ्यांनीही दिसते. त्या काळचा झाडांचा हिरवा बहुधा निळा आणि पिवळा मिसळून केलेला असे. त्यातला वनस्पतीपासून काढलेला पिवळा उजेडाने उडून जातो आणि झाडी निळसर पडते, तर तांब्याचे हिरवे कालांतराने तपकिरी होतात. जुन्या चित्रातलं निळं झाड चित्रकाराच्या मनातलं नसून काळाने केलेलं असतं.

कपड्यांची साक्ष सर्वांत उपयोगी, पण तिच्यात एक खाच आहे. अठराव्या शतकात मुलगेही चार ते सात वर्षांपर्यंत झगेच घालत. त्यामुळे झगा दिसला म्हणून मुलगी ठरवता येत नाही. ढोल, चाबूक, खेळण्यातली बंदूक असली तर मुलगा, बाहुली असली तर मुलगी, असा अंदाज करतात, आणि तोही अंदाजच. १७८० नंतर मुलग्यांना सदऱ्याला विजार जोडलेला अंगासरशी पोशाख चढवू लागले. तो दिसला तर काळ आणि मुलगा, दोन्ही गोष्टी बऱ्याच पक्क्या होतात.

मुंबईच्या घरांतली मुलं

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार मुंबईत खऱ्या अर्थाने रुजला. चीनच्या व्यापारातल्या पारशी शेटियांनी कँटनच्या चित्रकारांकडून आपली तैलचित्रं करून घेतली. १८५७ मध्ये जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्यातून पेस्तनजी बोमनजी, मंचेरशा पिठावाला, महादेव विश्वनाथ धुरंधर, अंतोनियो शावियेर त्रिंदाद ही व्यक्तिचित्रणात तरबेज मंडळी तयार झाली. त्रिंदादने आपल्याच मुलीला, अँजेलाला, मॉडेल म्हणून बसवलं. ती पुढे स्वतः नामवंत चित्रकार झाली. त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहे. टाटा बंधूंनी युरोपातून आणलेली तैलचित्रं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मिळाली आणि युरोपीय तैलरंग सामान्य मुंबईकराला जवळून पाहता आले.

तैलचित्र ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी फोटो स्टुडिओ आले. मागे रंगवलेला पडदा, त्यावर बाग, कमान, तळं आणि लांबवर डोंगर, पुढे तीट लावलेलं मूल. परळ-लालबागच्या खोल्यांतून आणि गिरगावच्या चाळींतून दिसणाऱ्या त्या फोटोंची मांडणी गेन्सबरोच्या काळापासून चालत आलेली आहे. काही फोटोंवर वरून रंग चढवलेला असतो आणि काळानंतर ते तैलचित्र वाटू लागतात. कँटनची चित्रं विलायती वाटतात, जे. जे. च्या विद्यार्थ्याची चित्रं शंभर वर्षं जुनी वाटतात. गल्लत व्हायला जागा पुष्कळ.

मुंबईची हवा या सगळ्याची वैरीण आहे. पावसाळ्यात कॅनव्हास दमट होऊन सैल पडतो, उन्हाळ्यात ताणला जातो, या ओढाताणीत रंगाचे पापुद्रे सुटतात. खळीने लावलेल्या अस्तराला बुरशी धरते. समुद्रावरची खारी हवा खिळे गंजवते आणि गंज कापडात उतरतो. देवघराशेजारच्या भिंतीवर समईची काजळी बसते. मग कुणीतरी बटाट्याच्या कापाने नाहीतर ओल्या फडक्याने चित्र पुसतं आणि वॉर्निशबरोबर वरचा नाजूक थरही निघून जातो.

पण हवेपेक्षाही आज मोठा धोका पुनर्विकासाचा आहे. गिरगाव, दादर, परळमधल्या जुन्या इमारती रिकाम्या होत आहेत. दोन खोल्यांतून ट्रान्झिट कॅम्पात आणि तिथून टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये जाताना आजीच्या माहेरून आलेलं चार फुटी चित्र कुठे ठेवायचं, हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर पुष्कळदा चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर सापडतं. तिथे चित्र फ्रेमच्या भावाने जातं, आणि त्या दिवसापासून चित्रातल्या मुलाला घर नसतं, आडनाव नसतं. उद्या ते कुणा संग्राहकाकडे किंवा लिलावात पोहोचलं, तर राइस चित्रासारखाच वाद नव्याने उभा राहील. या वेळी तर घरची आठवणही पुराव्यात नसेल.

काय करायला हवं

इतक्या वादांचा आढावा घेतल्यावर निष्कर्ष तीन निघतात. पहिला, लहान मुलाच्या चित्रात चेहऱ्याचं साम्य हा पुरावा धरू नये. कापड, शिक्का, रंग, शिवण आणि कागद यांना आधी विचारावं. दुसरा, एकटा पुरावा पुरत नाही, एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन पुरावे जुळले पाहिजेत. तिसरा, घरची आठवण मौल्यवान आहे, पण ती कुणी, कुणाकडून, कधी ऐकली हे लिहिलेलं असलं तरच तिचं वजन टिकतं. गोयाने जे काम एका ओळीत केलं, ते न केल्यामुळे इतरत्र कितीतरी वर्षं खर्ची पडली.

हे काम मुंबईतल्या प्रत्येक जुन्या घराला आज करता येण्यासारखं आहे. चित्र भिंतीवरून उतरवून पाठीचा आणि कडांचा स्वच्छ फोटो काढावा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून चित्रातल्या मुलाचं पूर्ण नाव, आईवडिलांची नावं, चित्र कोणत्या घरातून कोणत्या घरात आलं, हे तारखेसह लिहावं. सांगणाऱ्याचं नावही लिहावं. कागद बिनआम्ल पाकिटात घालून चौकटीच्या लाकडाला बांधावा. कॅनव्हासवर पेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. चित्र बाहेरच्या भिंतीला, स्नानघराच्या ओलीला टेकवून टांगू नये, मागे हवा खेळती ठेवावी. पापुद्रे सुटत असतील तर घरगुती उपाय न करता संवर्धकाकडे जावं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र मुंबईतच आहे. आणि चित्र ठेवणं अगदीच अशक्य असेल, तर ते विकताना किंवा देताना तो कागद चित्राबरोबरच जाईल, एवढं पाहावं.

शहरानेही आपला वाटा उचलला पाहिजे. जे. जे. चे विद्यार्थी, संग्रहालयं आणि गृहनिर्माण संस्था यांनी मिळून इमारत रिकामी होण्याआधी घरोघरच्या चित्रांची नोंद केली, तर काही वर्षांत मुंबईच्या बालचित्रांची मोठी सूची उभी राहील. तिच्यात पारशी कॉलनीतली मुलं असतील, खेतवाडीतली असतील, लालबागच्या स्टुडिओतल्या पडद्यापुढची असतील. मुलं सांभाळणाऱ्या बायकांची नावंही तिच्यात लिहिली जावीत. अठराव्या शतकात या बेटावरच्या मुलांना चित्रात जागा मिळाली नाही, ते आता बदलता येणार नाही. पुढच्या दोन शतकांत ज्यांना ती मिळाली, त्यांची नावं सांगू शकणारी माणसं आज आपल्यात आहेत, आणि ती आहेत तोवरच हे काम पुरं करता येईल.